गुरुवारच्या बाई

बुधवारी दुपारी मुलं खिचडी खायला बसली होती, तेव्हा ज्योत्स्नाताईंच्या यजमानांचा फोन आला. "गुरुजी, ज्योत्स्ना गेली... आज सकाळी." आठवडाभर ताप अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी कुणी "बरं" म्हणतं का? पण तेवढंच तोंडातून निघालं, आणि मी परत मुलांना वाढायला लागलो.

डोळखांबच्या पुढे, पाड्यावरची आमची दोन शिक्षकांची शाळा. ज्योत्स्नाताई एका संस्थेच्या समुपदेशक. आसनगावला राहायच्या, दर गुरुवारी एसटी आणि पुढे जीप धरून आमच्याकडे यायच्या. 'समुपदेशक' हा शब्द पोरांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या 'गुरुवारच्या बाई' झाल्या. मला सुरुवातीला ही सगळी थेरं वाटली होती. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्या पोरांच्या मनाचं काय घेऊन बसलात, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. "उपाशी आलेलं पोर तुम्हाला बरोब्बर ओळखता येतं ना गुरुजी? मग हेही येईल," एवढंच म्हणाल्या.

मला ते आलं नाही. दुसरीतली कमल घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. पावसाळ्याच्या तोंडावर परतली ती मुकी होऊनच. हजेरीला 'हजर' म्हणेना, वर्गात बसल्या जागी लघवी करी. भट्टीवर तिची आई वारल्याचं मला माहीत होतं, तरी मी तिला हट्टी ठरवलं. एकदा सगळ्यांसमोर ओरडून तिला ओल्या परकराने बाहेर उभं केलं. हे लिहिताना हात अडतो... पण ज्योत्स्नाताईंबद्दल लिहायचं तर हे लिहायलाच हवं.

तीन गुरुवार त्या कमलला घेऊन तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत नुसत्या बसल्या. चौथ्या वेळी ओढ्याकाठची माती आणली. कमल विटा थापू लागली, सराईत हाताने, ओळीने. मग त्या विटांशेजारी तिने मातीची एक लांबट आकृती आडवी ठेवली आणि पहिल्यांदा बोलली, "ही आय हाय. तिला मानसांनी उचलून न्हेली."

घरी मात्र आजीने तिला सांगितलं होतं, आई भट्टीवरच राहिलीय, दिवाळीला येईल. डोळ्यांनी पाहिलेलं खरं की आजी सांगते ते खरं, या पेचात ते सात वर्षांचं पोर गप्प झालं होतं. ताई मला घेऊन वरच्या पाड्यावर, कमलच्या घरी गेल्या. आजी ऐकेना. "बारकी पोर, तिला काय समजतंय गो बाय? सांगून काय तिची आय परत येनार हाय?"

"आजी, तिला समजलंय. फक्त तुमच्याजवळ रडायची सोय नाही तिला."

म्हातारीने चुलीतला जाळ मागे सारला. मग तिने नातीला जवळ ओढलं आणि सांगितलं. कमल अशी किंचाळली, की शेजारच्या झोपड्यांतली माणसं धावत आली. त्यानंतर चार दिवस ती शाळेत आली नाही. मी ताईंना फोन करून नको ते बोललो. "तुम्ही आठवड्यातून एकदा येऊन जाता, निस्तरावं आम्हाला लागतं." दुसऱ्या दिवशी गुरुवार नसताना त्या आल्या. उन्हातान्हात पाड्यावर चढल्या, कमलशेजारी ओट्यावर बसून राहिल्या. परत जाताना जीपची वाट बघत म्हणाल्या, "तुमचं खोटं नाही गुरुजी. एक मूल जरा बोलायला लागतं, तोवर मला पुढच्या शाळेत जायचं असतं. घरी माझी स्वतःची मुलगी काही सांगत असते, आणि माझ्या कानात शिरतच नाही..." जीप आली, त्या गेल्या. त्यांच्या तब्येतीची चौकशी मी कधी केल्याचं आठवत नाही.

कमल पुढच्या आठवड्यात शाळेत आली. सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही कधीमधी जागा ओली होते, आता मी गुपचूप कोरडा परकर देतो. पण ती बोलते.

फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. पोरं रस्त्याकडे बघत पायरीवर बसलेली. "बाई कवा येतील?" आणि मी, सगळं पाहिलेला माणूस, म्हणालो, "बाईंची बदली झाली." पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, येईल असं कुणी सांगतही नाही.

गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर कमल माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. "गुरुजी, बाई मेल्या ना?"

"हो," मी म्हणालो. "खूप ताप आला होता. डॉक्टरांना बरं करता आलं नाही."

"मंग बदली का सांगितलीत?"

"चुकलो. तुमी पोरं रडाल, असं वाटलं."

तिने हळूच विचारलं, "तुमी रडलाव?"

इतक्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. "नाय," म्हणेपर्यंत मला रडू फुटलं. कमलने दप्तर खाली ठेवलं आणि माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मीही खाली उतरून तिच्याजवळ बसलो. तिच्या पाड्यावरची पोरं फाटकातून तिला हाका मारत होती. ती उठली नाही.