उलट्या पायांचा गुंडा

सलग चार वर्षं गिरण्यांच्या शर्यतीत पहिला येणाऱ्याला लोक मान देतात, असं वाटेल तुम्हाला. गुंडाला लोक शिव्या द्यायचे. नुसतं जिंकून त्याचं समाधान होत नसे. शेवटच्या फेरीत मान वळवून तो मागच्यांना म्हणायचा, "या की पावनं, कवापासनं वाट बघतुया!" आणि मग सुसाट सुटायचा. मागची माणसं पळता पळता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गुंडाला ते टाळ्यांपेक्षा गोड लागायचं.

वळसंगच्या धनगराचं हे पोर. माळावर मेंढरांमागं पळून पाय तयार झालेले. सोलापुरात गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला, तरी सरळ चालत कुठं जाणं त्याला जमायचं नाही.

त्र्याहत्तर साली त्यानं स्टेशनरोडवर एका टांगेवाल्याशी पैज लावली. टांगा मागं टाकला तो टाकलाच, वर वळून घोड्याला जीभ दाखवली. घोडा बुजला, टांगा कलंडला आणि चाक गुंडाच्या उजव्या गुडघ्यावरून गेलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय बोलला? "पर जितलं कोन, ते सांगा की!"

डॉक्टरांनी गुडघा जमेल तसा सांधला आणि सांगितलं, "चालाल. पळायचं मात्र विसरा."

प्लास्टर निघालं. पाय अर्धाच वाकायचा. काठी टेकत तो गिरणीत गेला आणि त्याला नवंच दुखणं लागलं. लोक त्याच्याशी गोड बोलायला लागले. कुणी बसायला जागा देई, कुणी चहा पाजी. चार वर्षं ज्याला त्यानं खिजवलं, तो नागप्पा आता पहिला येत होता. तो सगळ्यांसमोर वाकून पाया पडला. "गुंडाण्णा, तुमच्यामुळं आमी पळायला शिकलो."

त्या दिवशी गुंडा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. बायको सिद्धम्मा मैंदर्गीची, कानडी मुलखातली. तिनं विचारलं, "काय झालं?"

"नागप्पा पाया पडला."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? मेलेल्या मान्साच्या पडत्यात, तसा पडला गं."

सिद्धम्मानं त्याला थोडे दिवस माहेरी नेलं. तिथं तिच्या भावाचा, रुद्रप्पाचा, एक माजोरी एडका होता. गुंडानं खोडी काढली नसती तर त्याला चैन कुठली पडायला? त्यानं काठीनं एडक्याचं शिंग वाजवलं. एडक्यानं मान खाली घातली. पाठ फिरवली तर ढुंगणावर धडक बसणार, म्हणून गुंडा त्याच्याकडं तोंड ठेवूनच मागं सरकू लागला. आधी हळू, मग जोरात, मग चक्क पळत. कुंपणाला पाठ लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, काठी कुठंतरी मागं पडली होती आणि गुडघा दुखला नव्हता.

"सिद्धे! उलटं पळताना दुकत न्हाय!"

"अय्यय्यो, आता डोकंबी गेलं," सिद्धम्मा म्हणाली.

सोलापूरला येऊन त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर आधी पोट धरून हसले. मग गुडघा चाचपून म्हणाले, "पळा. मांडीत जोर येईल. फक्त मागं विहीर आहे का बघा."

विहीर बघायचं काम सिद्धम्माकडं आलं. रोज पहाटे अक्कलकोट रस्त्यावर गुंडा पाठमोरा पळायचा आणि ती पदर खोचून त्याच्या बाजूनं चालायची. "डावीकडं सरका. दगड हाय. निल्री, निल्री!" निल्री म्हणजे थांबा. एकदा आदल्या दिवशीच्या भांडणाचा राग तिच्या मनात होता, तेव्हा ती निल्री म्हणालीच नाही. गुंडा थेट म्हशींच्या डबक्यात जाऊन बसला.

थोड्याच दिवसांत महिपती गवळी सायकलवरून दूध घेऊन येत होता. धुक्यात त्याला दिसलं, माणसाचं तोंड गावाकडं आणि पाय चाललेत रानाकडं! शेजारी केस मोकळे सोडलेली बाई. भुताचे पाय उलटे असतात हे कुणाला ठाऊक नाही? महिपतीनं सायकल, किटल्या, दूध सगळं तिथंच टाकलं आणि नागप्पालाही जमलं नसतं असा पळाला. त्या रस्त्यावर हडळ आणि तिचा नवरा फिरतात, असं गावभर झालं. पहाटे तिकडं कुणी फिरकेना. गुंडाला अख्खा रस्ता मोकळा मिळाला. दूध सांडल्याबद्दल सिद्धम्माला वाईट वाटलं, पण खरं सांगायला जावं तर सरावाची जागा गेली असती.

सरळ पळायला लागायला वर्ष गेलं. पळताना उजवा पाय जरा बाहेर फेकला जायचा, पण पळायचा.

पंचाहत्तरच्या संक्रांतीनंतर पार्क मैदानावर शर्यती होत्या. व्यवस्था बघणारे आबासाहेब घरी आले. "गुंडा, या वर्षी तुझा सत्कार करायचा ठरलंय. शाल, श्रीफळ. खुर्चीवर बसायचं, काय?"

"व्हय, येतो की," गुंडा अगदी गरिबासारखा म्हणाला.

सत्कार झाला. भाषणात आबासाहेबांनी गुंडाच्या जुन्या शर्यती एकेक करून सांगितल्या. गुंडानं शाल आणि नारळ सिद्धम्माच्या हातात दिला, धोतर सोडलं, तर आत अर्धी चड्डी! आणि तो तडक जाऊन शर्यतीच्या रेघेवर उभा राहिला.

"अरे, हे काय?" आबासाहेब धावत आले.

"सत्कार झाला न्हवं? आता पळू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कळवळून. बाकीचे मागं पडत गेले तरी नागप्पा गुंडाच्या एक पाऊल मागंच राहिला. पुढं जाईना. आदर दाखवत होता बिचारा. दोन फेऱ्या उरल्या तेव्हा गुंडाच्या ते लक्षात आलं आणि त्याचं टाळकं सरकलं. तो गरकन वळला आणि नागप्पाकडं तोंड करून उलटा पळू लागला.

"का रं नागप्पा, बायकूनं दम दिलाय का हळू पळ म्हनून? माज्या मेव्हन्याचा एडका तुज्यापरास बरा पळतुया!"

सगळं मैदान हसलं. नागप्पाचे कान तापले. "सर बाजूला, लंगड्या भाड्या!" असं ओरडून तो त्याला ओलांडून गेला. गुंडाचं तोंड असं फुललं की विचारू नका. तो वळला आणि जीव खाऊन मागं लागला. दोन हातांनी हरला.

संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा सुजला. सिद्धम्मा बडबडत हळदीचा लेप लावत होती, तेवढ्यात दारात नागप्पा. अजून धुमसत होता. "पुन्ना माज्या म्होरं उलटा पळलास तर तंगडं मोडीन."

"कुटलं, ते आत्ताच सांगा," सिद्धम्मा म्हणाली. "एक मोडून झालंय."

नागप्पाला हसू आवरेना. जेवूनच गेला, आणि जाताना उलटं पळून नक्की काय होतं ते विचारून गेला.

पुढं दोघं आणखी चार हंगाम पळाले. गुंडा एकदाच पहिला आला, बाकी तीनदा नागप्पा. थंडीत गुडघा धरला की गुंडा सुट्टी टाकायचा आणि त्या दिवसाचा चहा नागप्पाकडून उकळायचा.