ओकचा ओंडका

लेकीच्या लग्नात मी व्याह्यांकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे लाकडाचा जाड ओंडका. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आम्ही नेपरव्हिलचे. जावयाचं घराणं विस्कॉन्सिनमधलं, पिढ्यान्‌पिढ्या गाईगुरांत रमलेलं, मूळचं जर्मन. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात पाहुण्यांनी चिनी मातीच्या जुन्या बशा फोडल्या. ते तुकडे नवरा-नवरीनं मिळून झाडायचे, अशी त्यांची रीत. आमच्याकडे शुभकार्यात साधी कपबशी फुटली तरी बायका एकमेकींकडे बघतात. इथे मला आग्रहानं बशी देण्यात आली. मी ती अशी आपटली की जावयाच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. बाई मला तिथल्या तिथे आवडल्या.

मग त्याच बाईंनी माझ्या लेकीचा तळवा दाबून पाहिला. चर्चमधून बाहेर पडल्या पडल्या नवरा-नवरी लांब करवतीनं ओंडका कापतात, दोघं दोन टोकांना. तो कापला की संसार तडीला गेलाच, असं हे लोक मानतात. आजी नातवाला म्हणाल्या, "हिच्यासाठी बारका आण हं. कीबोर्ड बडवणारे हात आहेत हे."

सगळे हसले. लेकही हसली, पण तिनं हात हळूच मागे घेतला, आणि माझं डोकं फिरलं.

"तुमच्या लग्नात होता तसलाच आणा," मी म्हणाले.

"आई, प्लीज! आय हॅव नेव्हर हेल्ड अ सॉ!" लेक कुजबुजली. ही मुलगी माझं मराठी नीट समजते आणि लहानपणापासून मला उत्तर इंग्रजीतच देते.

"आमचा ओकचा होता," आजी म्हणाल्या.

"मग ओकचाच."

परतताना माझा नवरा गाडीत एवढंच म्हणाला, "जीभ तुझी, हात पोरीचे."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ऑर्गन वाजला, शपथा झाल्या, म्हाताऱ्या मंडळींनी एक गाणं जुन्या जर्मनमध्ये म्हटलं. एरवी माझ्या डोळ्यांना धार लागली असती. पण दार उघडंच होतं आणि बाहेर हिरवळीवर लाकडी घोडीवर आडवा ठेवलेला तो ओंडका दिसत होता. माझं सगळं लक्ष तिकडे.

कापायला सुरुवात झाली. चार हात बरे चालले आणि करवत अडकली. जावई धिप्पाड, त्यानं जोर लावून ढकललं, पातं मधोमध वाकलं. इकडून लेकीनंही ढकललं. पांढऱ्या गाउनवर भुसा, तोंड लाललाल. लोक टाळ्या वाजवून धीर देत होते, पण त्या टाळ्या हळूहळू कीव केल्यासारख्या वाटायला लागल्या. जावयाचे एक काका हसत हसत मोटारीवर चालणारी करवत घेऊन आले. आजींनी नुसती मान हलवली, आणि ते मला जास्त लागलं.

तेव्हा मला चूक दिसली. माहेरी नागपूरला मोठ्या रवीनं ताक घुसळायचं काम माझ्याकडे असायचं. दोरीचं एक टोक ओढायचं, तेव्हा दुसरं सैल सोडायचं. दोन्हीकडून जोर लावला की रवी जागच्या जागी.

मी पैठणीचा पदर खोचला आणि पुढे होऊन ओरडले, "अगं, ढकलू नका! ओढ आणि सोड! तो ओढेल तेव्हा तू नुसती धरून राहा!"

"आय नो, आई!" लेक म्हणाली. कुठलं आलंय माहीत! पण तिनं नवऱ्याला सांगितलं. तिनं ओढलं, त्यानं सोडलं. त्यानं ओढलं, तिनं सोडलं. करवतीचा आवाजच बदलला. भुसा धारेनं पडायला लागला, काकांनी आपली मोटारीची करवत खाली ठेवली, आणि ओंडक्याचा कापलेला तुकडा धाडकन हिरवळीवर पडला.

मी शिट्टी मारली. हो, पैठणी नेसून, चर्चच्या दारात. माझ्या नवऱ्यानं तेवढ्यापुरतं दुसरीकडे पाहिलं. पण माझी छाती अभिमानानं भरून आली होती, आणि ते मी लपवणार नव्हते.

आजी काठी टेकत आल्या. लेकीचा तोच तळवा त्यांनी पुन्हा हातात घेतला. आता त्यावर फोड आला होता. त्यांनी वाकून त्याचा मुका घेतला. मग घोडीवर उरलेल्या लाकडाकडे बघत मला म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून करवतीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही."

त्यांनी काठी नातवाकडे दिली. मी दुसरं टोक धरलं. बाईंच्या मनगटात काय ताकद होती! मी हरू नये म्हणून सगळं अंग लावून ढकललं, आणि करवत अडकली.

सगळ्या पाहुण्यांमधून माझ्या लेकीचा आवाज आला, खणखणीत, एकही इंग्रजी शब्द नसलेला:

"आई, ढकलू नकोस! ओढ आणि सोड!"