पेटीतला फोन आणि दोन लुगडी

ती दोन लुगडी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. एक हिरवं, एक आमसुली. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी जुनी गोष्ट विचारली की ओठांवर आधी हीच येते. घरबसल्या मोबाईलवर पापड, मसाले, गोधड्या विकणाऱ्या बाया आता गावोगाव झाल्यात, त्यांनी तर ही ऐकावीच.

मी तेव्हा गंगाखेड तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. शिपाई म्हणून भरती झालेली बाई मी. मोबाईल, कॉम्प्युटर सगळं चुकतमाकत स्वतःच शिकले. म्हणून मोबाईलचा अर्ज आला की ठाणे अंमलदार हसून म्हणायचे, "हे ताईंकडं द्या."

एका सकाळी हजेरी संपली आणि एक शिक्षिका दारात उभी राहिली. बाईंची आई वारली होती. मागं राहिली होती तिची दोन लुगडी. लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं, तर आजीच्या लुगड्यांची गोधडी बाळाला करावी अशी इच्छा. राणीसावरगावकडच्या एका वाडीतल्या गोधडीवाल्या काकूंचं पेज त्यांनी मोबाईलवर पाहिलं. त्यावरच्या नंबरला मेसेज केला, उत्तर आलं, पत्ता आला. आगाऊ पैसे आणि लुगडी दोन्ही पाठवली. नंतर काकूंनी उत्तर देणं बंद केलं, मग बाईंनाच ब्लॉक केलं.

"मॅडम, पैसे गेले तर जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "लुगडी तेवढी परत मिळवून द्या. तसली पुन्हा कुठून आणू?"

अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली, महिला शिपाई सोबत घेतली आणि जीपनं वाडी गाठली.

काकू नवऱ्यासोबत ऊसतोडीहून नुकत्याच परतल्या होत्या. पोलीस पाहून शेजारच्या बाया गोळा झाल्या. मी विचारलं तशी काकूंनी पदर तोंडाला लावला.

"कोणती लुगडी, साहेब? मला कुणी न्हाई पाठवली."

"तुमच्या नंबरवरून उत्तरं गेलीत, काकू."

"माझा फोन पेटीत हाय! कारखान्यावर जाताना पेटीत ठिवते मी. तिकडं ह्यांचा एकच फोन पुरतो, रिचार्ज कशाला मारायचा?"

हे मला पटेना. पेज चालू, फोटो चालू, उत्तरं चालू, आणि म्हणे फोन पेटीत! घरात गाठोडी रचलेली होती. मी एकेक सोडून पाहिलं. जुन्या कपड्यांचे ढीग निघाले, हिरवं लुगडं निघालं नाही. दारातली एक बाई दुसरीला कोपर मारून म्हणाली, "तरीच गं, गेल्या साली नवीन शिलाई मशीन आली." ते मी मनात टिपून ठेवलं. आमच्या कामात संशय ही वाईट गोष्ट नाही. तो एकावरच ठेवणं मात्र वाईट.

पेज कुणी काढलं होतं? परभणीला शिकणाऱ्या पुतणीनं. तिला बोलावलं. पोरगी नजर देईना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, पुन्हा सोडायची.

"पासवर्ड कुणाकडं असतो?"

"माझ्याकडंच."

"मग मेसेज कोण बघतं?"

तिनं ओढणी पुन्हा बोटाला गुंडाळली. आता माझा संशय काकूंवरून उठून तिच्यावर बसला. जरा आवाज चढवला तशी रडायलाच लागली. "काकूला म्हणले होते रोज बघते. पण परीक्षा होती, मी उघडलंच न्हाई. पेजवर काकूचाच नंबर दिलाय, लोक तिलाच फोन लावतात ना."

मला एक सुचलं. काकूंना म्हटलं, पेटी उघडा. फोन आणला. चार्जिंगला लावून चालू केला, रेंजचा पत्ता नाही. काकू म्हणाल्या, "दोन हंगाम झाले, असाच करायलाय. वाडीत रेंज तशीबी कमीच, म्हणून आमी टावरला शिव्या देतो." पण त्याच जागी माझ्या फोनला मात्र रेंजच्या दोन कांड्या दिसत होत्या. काकूंचा फोन त्यांच्याच हातात ठेवला आणि माझ्या फोनवरून पेजवरचा नंबर लावला. स्पीकर चालू केला.

काकूंच्या हातातला फोन मुका. आणि इकडं माझ्या फोनवर घंटी वाजायला लागली. दारातल्या बाया आत सरकल्या.

"हॅलो, कोन?" पुरुषाचा आवाज.

"राँग नंबर," म्हणून मी लगेच कट केला.

काकूंनी हातातल्या फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अगं बया! माझ्या नंबरात ह्यो कोण बसलाय?"

तपास तिथंच फिरला. रिचार्ज न मारलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकते. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. परभणीच्या सायबर शाखेमार्फत माहिती मागवली. नंबर निघाला सोनपेठच्या एका चादरवाल्याच्या नावावर.

आठवडी बाजाराच्या दिवशी एका शिपायाला सोबत घेऊन साध्या साडीत त्याच्या कापडी पालापुढं उभी राहिले. माणूस भल्या चेहऱ्याचा, बोलायला गोड. त्यानं माझ्यासाठी बाजूच्या टपरीवरून चहा मागवला. मी चादरी चाळत राहिले, पण नजर तो ज्यावर बसला होता त्या बोचक्यावर. कडेला हिरवा काठ डोकावत होता.

ओळख सांगितली तसा तो ताडकन म्हणाला, "मॅडम, नंबर माझाय! आधार देऊन घेतलाय. चोरी न्हाई केली."

"नंबर तुझाच आहे, बाळा. पण मेसेजला उत्तर देताना 'काकू' कुणी लिहिलं?"

तो घुटमळला. "लोकच काकू म्हनायलेत..."

"आणि बाईचा फोटो? तोपण लोकांनीच लावला? तू काकू कधी झालास रे?"

माझ्यासोबतच्या शिपायाला हसू आवरेना. चादरवाल्यानं मान खाली घातली. आधी दोन-चार जणांना त्यानं राँग नंबर म्हणून खरं सांगितलं होतं. मेसेज थांबेनात, तेव्हा मोह झाला. पेजवरचा काकूंचा फोटो उचलून स्वतःच्या नंबरला लावला आणि वाडीत पार्सल येत नाही असं सांगून पत्ता सोनपेठचा दिला. पैसे घेतले. आलेल्या लुगड्यांचं काय करावं हे न कळून त्यांची बसायची गादी केली. फसवणूक आणि तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला. पंचांसमोर बोचकं सोडलं, तर आत आणखी तिघींची लुगडी निघाली.

आता धंदा करणाऱ्या माझ्या बायांनो, ऐका. दुकानाच्या पाटीवर, पेजवर, पिशवीवर छापलेला नंबर म्हणजे तुमच्या घराचा उंबरा. बाहेरगावी निघालात तरी त्याचा साधा रिचार्ज चालू ठेवा. हंगामाला जाताना पेजवर लिहून ठेवा, 'सध्या काम बंद, पाडव्यानंतर भेटू.' नंबर गेलाच, तर त्याच दिवशी सगळीकडून काढा. पेजची किल्ली एकट्या पुतणीकडं नको, तुमच्याही हातात असू द्या. आणि मागवणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एवढंच: मौल्यवान काही पाठवण्याआधी एकदा व्हिडिओ कॉल लावा. समोर बाई दिसते का चादरवाला, ते कळेल.

कोर्टाच्या आदेशानं लुगडी शिक्षिकेच्या ताब्यात मिळाली. तोवर नात जन्मलीसुद्धा होती. बाईंनी पार्सलचं नाव काढलं नाही, लुगडी छातीशी धरून एसटीनं वाडीला निघाल्या. त्या दिवशी मला सुट्टी होती, मीही गेले.

काकूंनी पाणी दिलं, पण लुगड्यांना हात लावीनात. म्हणाल्या, "आधी फोन लावा मला. नव्या नंबरवर. इथंच."

"अहो, समोर तर बसलाय तुम्ही!"

"तरी लावा."

काकूंनी नवा नंबर सांगितला, शिक्षिकेनं तो लावला. काकूंच्या मांडीवरचा फोन खणखणला. त्यांनी तो कानाला धरला, समोर बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "बोला, मीच हाय."

मग दोन्ही हात पुढं केले.