गाळलेली ओळ

बेंगळुरूमध्ये मी मराठी ख्रिस्ती आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी मराठीपाशी अडतो आणि मग ख्रिस्तीपाशी. आम्ही मूळचे बेळगावचे. इथे आमची मंडळी म्हणजे वीस-बावीस घरं, आणि उपासना महिन्यातून एकदाच, दुसऱ्या रविवारी दुपारी, तीही दुसऱ्यांच्या चर्चमध्ये. सकाळी तिथे कन्नड उपासना असते, संध्याकाळी तमिळ. मधले दोन तास आमचे. साडेचार वाजत आले की तिथला रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा राहतो आणि पाळकांकडे बघून म्हणतो, "स्वल्प बेगा, सार." म्हणजे जरा आटपा. आमचे पाळक त्याला इतके वचकून असतात की त्यांच्या प्रवचनाचा शेवट कायम धावतपळत होतो.

या मंडळीत एक रीत आहे. आपला कशाकशावर विश्वास आहे ते सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं, त्याला विश्वासांगीकार म्हणतात. आमच्याकडे तो दर महिन्याला एका घराने पुढे येऊन सांगायचा असतो. घरातल्या एकाने माइक हातात घ्यायचा, एकेक ओळ म्हणायची, आणि मंडळीने ती त्याच्यामागून म्हणायची. कोणाची पाळी कधी याची यादी चहाच्या टेबलामागे भिंतीला चिकटवलेली असते. घरं वीस-बावीस, त्यामुळे पाळी दोन वर्षांनी एकदा येते. मी एवढं सविस्तर सांगतोय कारण पुढे जे झालं ते या पाळीवरूनच झालं.

आई गेल्यावर पप्पा बेळगावचं घर बंद करून इथे आमच्याकडे हेब्बाळला आले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, आणि तितकीच वर्षं रविवारी गावोगाव जाऊन प्रवचनं दिलेली. आल्या आल्या त्यांनी माझ्या कपाटातली पुस्तकं चाळली आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरगा वाचतोय भलतंच. मी त्या काळात येशूवर जे सापडेल ते वाचत होतो. ऑफिसला जाता-येता कानात व्याख्यानं चालू असायची. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. आपण देव आहोत असं येशू स्वतः कधी म्हणालाच नाही. तो एक मोठा माणूस होता, आणि त्याच्यामागे राहिलेल्यांनी त्याला हळूहळू वर चढवलं. दहा-बारा पुस्तकं वाचलेल्या माणसाची जी मस्ती असते ती माझ्या अंगात पुरेपूर होती.

आमचा वाद घरात व्हायचा नाही. बायकोने पहिल्याच आठवड्यात तंबी दिली होती की जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही. मग तो उपासनेला जाता-येता गाडीत व्हायचा. हेब्बाळचा फ्लायओव्हर चढला की मी सुरुवात करायचो.

"चार जणांनी त्याची हकिकत लिहिली. आधीच्या तिघांत तो असं उघड कुठे म्हणत नाही. सगळ्यात शेवटी लिहिणाऱ्याकडेच तो धडाधड बोलतो. एवढी मोठी गोष्ट पहिले तिघे विसरले?"

"विसरले कशाला? तू बघ की. त्या लुळ्या माणसाला तो म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली. तिथे बसलेले शास्त्री लगेच खवळले. का खवळले? क्षमा करायचा हक्क देवाचा. त्यांना बरोबर कळलं हा काय बोलालाय ते. त्याच्या वैऱ्यांना आधी कळलं, तुला अजून कळंना."

"तुझी क्षमा झाली असं तर आपले पाळकही सांगतात. ते काय देव झाले?"

"ते देवाच्या वतीने सांगतात रे. हा स्वतःच्या जिवावर सांगालता."

मग मी म्हणायचो की शेवटी त्याला पकडून प्रमुख याजकापुढे नेल्यावर, तू देवाचा पुत्र का, याला त्याने होय असं जे उत्तर दिलं म्हणतात, त्या खोलीत त्याचा एकही माणूस नव्हता, मग ते ऐकून लिहिलं कोणी? हे ऐकल्यावर पप्पा पहिल्यांदा मोठ्याने हसले. "वकील व्हायला पाहिजे होतास. उगीच कॉम्प्युटरात गेलास," म्हणाले. त्या दिवशी मेख्री सर्कलपर्यंत ते विचार करत बसले आणि शेवटी म्हणाले, याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही, बघून सांगतो. पुढच्या महिन्यात खरंच तीन पानं लिहून आणली. सिग्नलला गाडी थांबली की वाचून दाखवायचे, सुटली की थांबायचे.

मला तो वाद फार आवडायचा. हे मी आता म्हणू शकतो. तेव्हा मला वाटायचं की मला जिंकायला आवडतं.

एकदा मी फार ताणलं. पप्पा थकले होते, बोलायच्या मनःस्थितीत नव्हते, तरी मी सोडेना. स्वतःच्या तोंडाने तो म्हणाला होता हे एकदा दाखवा, नाहीतर मान्य करा, असं मी चार-चारदा म्हटलं. पप्पा खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तो नुसता माणूस असला तर तुझ्या आईला मी कुणाच्या भरवशावर मातीत ठेवलं रे?"

तिथे थांबायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने तिथे तोंड बंद केलं असतं. मी म्हणालो, "पप्पा, आपल्याला बरं वाटतं म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही."

वाक्य चुकीचं नाही. आजही मला त्यात चूक सापडत नाही. पण ते मी कोणाला म्हणालो, कशावर म्हणालो, हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पप्पा फक्त "होय," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी यादीवर आमच्या घराचा नंबर आला. माइक पप्पांनी धरावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण ते म्हणाले, कर्ता आता हा आहे, हा म्हणेल. मला नाही म्हणता आलं असतं. पण मी ठरवलं की जे पटतं तेवढंच म्हणायचं. याला मी मनातल्या मनात प्रामाणिकपणा असं नाव दिलं होतं. पुढे गेलो. पहिली ओळ देवबापाची, ती म्हटली. मंडळीने म्हटली. दुसरी ओळ येशू हा देवाचा एकुलता एक पुत्र आणि आपला प्रभू असल्याची. ती मी गाळली आणि थेट त्याच्या जन्माच्या ओळीवर उडी मारली.

मंडळी अडखळली. काहींनी माझ्यामागून नवी ओळ सुरू केली, काही गाळलेल्या ओळीसाठी तोंड उघडून तसेच राहिले. पाळकांनी मान वर केली. एवढ्यात तिसऱ्या रांगेतून पप्पांचा आवाज आला. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. त्यांनी गाळलेली ओळ सावकाश, पूर्ण म्हटली. सगळ्यांनी ती त्यांच्यामागून म्हटली. मग ते थांबले, माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे चालू दे पुढे. मी पुढचं सगळं म्हटलं. चहाच्या वेळी गप्पा नेहमीच्याच झाल्या. पोरगा गडबडला, असंच बहुतेकांना वाटलं असावं. पप्पांना तसं वाटलं नव्हतं.

परतताना गाडीत मी तयारीत होतो. ते रागावणार, मग मी काय बोलणार, सगळं जुळवून ठेवलं होतं. ते रागावले नाहीत. रस्त्यावरच्या कन्नड पाट्या वाचत बसले. हे दुकान आधी चिकपेटला होतं वाटतं, इकडे पण शाखा काढली बघ, असं काहीतरी म्हणाले. पुढच्या महिन्यातही पाट्याच. मी मुद्दाम एक-दोनदा विषय काढून पाहिला, अगदी त्यांना सोपं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला. "असेल की," म्हणाले, आणि पुढची पाटी वाचली. त्या दिवसानंतर माझ्या वडिलांनी माझ्याशी येशूवरून वादाचा एक शब्दही काढला नाही. दोन वर्षं. मी जिंकलो होतो आणि गाडीत बसवत नव्हतं.

मीही उपासनेला जाणं सोडलं नाही. त्यांना न्यायला-आणायला कोणीतरी हवंच होतं. ते तिसऱ्या रांगेत बसायचे, मी अगदी मागे, पंख्याखाली. विश्वासांगीकाराला उभा राहायचो, ती ओळ आली की ओठ मिटून बुटांकडे बघायचो, आणि पुढच्या ओळीला पुन्हा म्हणू लागायचो. तेवढ्या ओळीपुरतं मला फार एकटं वाटायचं. सगळी खोली एक गोष्ट म्हणतेय आणि आपण नाही. पण हे पप्पांना सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

यंदा उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होते, शुद्धीत होते. बेळगावला आईशेजारी जागा आहे, आपण तिकडे नेऊ, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी हात हलवला. "एवढ्या लांब कशाला फरफटवतोस? उठायचंच आहे की एक दिवस. तिला बेळगाव, मला इथे होसकोटे. तो हाक मारेल तेव्हा दोघांना ऐकू जाईल." हे ते थट्टेच्या सुरात म्हणाले, पण थट्टा नव्हती. मला त्यांना विचारायचं होतं की पप्पा, तुम्ही माझ्याशी भांडायचं का सोडलं. विचारलं नाही. वाटलं, घरी आल्यावर विचारू.

त्यांना होसकोटेच्या रस्त्यावरच्या दफनभूमीत ठेवलं. शहरातल्या जागा भरल्या आहेत. आई तिकडे, ते इकडे, आणि मध्ये रात्रभराचा रेल्वेचा प्रवास. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटतं. मला रोज वाटतं.

नंतरच्या उपासनेला मी एकटाच गेलो. चहाच्या वेळी एक मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मिरजेला नर्स होत्या, आता इथे मुलीकडे असतात. तिसऱ्या रांगेत पप्पांच्या बाजूला त्यांचीच जागा. चिवड्याची बशी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "मास्तरांचा आवाज नाही तर चर्च कसं ओकंबोकं वाटलं. त्या एका ओळीला मात्र त्यांच्या गप्प राहण्याची सवयच झाली होती म्हणा."

"कुठली ओळ?"

"ती रे, पुत्राची. मास्तर ती म्हणायचे नाहीत ना."

मी म्हटलं, मावशी, तुमचा घोटाळा होतोय, ती ओळ मी म्हणत नाही. पप्पांनी तर सगळ्यांदेखत मोठ्याने म्हटली होती.

"ती त्या दिवशी, बाळा. त्याच्या पुढच्या महिन्यापासून बंद. सगळं म्हणायचे, ती ओळ आली की गप्प. मी शेजारी उभी असायचे, मला कळणार नाही? मला आधी वाटलं दम लागत असेल. नर्सची जात, मी विचारलंच. म्हटलं, मास्तर, तुम्हीच ही ओळ गाळता? तर म्हणाले, मला काय म्हणायचंय ते देवाला ठाऊक आहे. पण तेवढ्या ओळीला मागून माझ्या पोराचा आवाज येत नाही, एकटाच गप्प उभा असतो. त्याला सोबत नको?"

मी बशी खाली ठेवली. मावशी आणखी काही बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही. जवळजवळ दोन वर्षं. ज्या ओळीच्या भरवशावर त्यांनी आईला मातीत ठेवलं ती ओळ ते माझ्यासाठी गिळत होते, माझ्यापासून सात-आठ बाकांवर. आणि मी बुटांकडे बघत होतो. एकदा जरी मान वर केली असती तर त्यांची पाठ दिसली असती. पाठीवरून कळलं नसतं म्हणा, पण पुढे जाऊन शेजारी तर उभं राहता आलं असतं. त्याने तोंडाने म्हटल्याचं दाखवा म्हणून मी वडिलांच्या मागे लागलो होतो. आणि ज्या माणसाने याबद्दल मला कधी तोंडाने काही म्हटलं नाही, तो दर महिन्याला माझ्याबरोबर गप्प उभा राहत होता. चहाच्या टेबलापाशी, यादीसमोर, मी सगळ्यांदेखत रडलो. रखवालदार किल्ल्या घेऊन आला होता. त्या दिवशी तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

गेल्या रविवारी पुन्हा आमच्या घराची पाळी होती. पाळक म्हणाले, जड जात असेल तर दुसऱ्या कोणाला सांगू. मी म्हटलं, नको. माइक घेतला. पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीपाशी आलो तेव्हा सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं, निदान मला तसं वाटलं. तिसऱ्या रांगेत मावशींच्या बाजूची जागा मोकळी होती.

मी ती ओळ म्हटली. पूर्ण, सावकाश, जशी त्या दिवशी तिथून आली होती तशी. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटली. नंतर पाळकांनी हात घट्ट धरून म्हटलं, देवाची स्तुती असो. त्यांना वाटलं मी परत आलो. त्यांना खरं काय ते मी सांगितलं नाही. माझं येशूबद्दलचं मत होतं तिथेच आहे. पण पप्पांची ती ओळ दोन वर्षं माझ्यापायी राहून गेली होती. ती मी त्यांच्या वतीने म्हटली. माझी अजून राहिलीच आहे.