बोक्याची नखं आणि कंट्रोलचं कापड

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी साताऱ्याला माहेरी गेले आणि सांगलीला परत येताना मांजर घेऊन आले. त्यात माझा हट्ट नव्हता. सासरी आमचं हळदीचं आडत दुकान होतं, घराच्या पुढच्या सोप्यातच. तिथे छतापर्यंत पोत्यांची थप्पी लागलेली असे. उंदरांना हळद फारशी चालत नसावी, पण पोत्यांचा ताग मात्र जिवापाड आवडायचा. रोज सकाळी एखाद्या पोत्याचा कोपरा कुरतडलेला आणि हळकुंडं जमिनीवर पसरलेली. मी माहेरी निघाले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, पोतं शिवता शिवता म्हणाले, "सूनबाई, साताऱ्याकडं एखादं बरं मांजर मिळालं तर बघ हो."

ते गमतीनं म्हणाले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा सासरच्या माणसांनी सांगितलेली पहिलीच गोष्ट, ती कशी टाळायची? आमच्या माहेरच्या मांजरीला दोन महिन्यांपूर्वी पिल्लं झाली होती. त्यातलं तांबूस, सगळ्यांत धीट पिल्लू मी निवडलं, वेताच्या टोपलीत घातलं आणि वरून जुनं लुगडं बांधलं.

वडील मला पोचवायला आले होते. गाडीत टोपली मांडीवर घेऊन वरून पदर ओढून बसले मी, कारण मांजर न्यायला तिकीट लागतं की नाही हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. कराडपर्यंत पिल्लू झोपलं. कराडला गाडी थांबली आणि ते जे ओरडायला लागलं ते थांबेचना. समोर एक खेडवळ बाई येऊन बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं, मग पुढे वाकून म्हणाल्या, "आवं ताई, कवाधरनं रडतंय ल्येकरू. पाजा की त्याला."

वडिलांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. माझे कान तापले. "ते लेकरू नाही हो," मी कसंबसं म्हटलं.

"मग काय हाय?"

मी पदर जरा बाजूला केला. लुगड्याच्या फटीतून एक तांबूस डोकं वर आलं आणि बाईंकडे बघून मोठ्यानं ओरडलं. त्या बाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की डबाभर लोक माना वळवून बघायला लागले. मग त्यांनी गाडग्यातलं दही बोटावर घेऊन पिल्लाला चाटवलं आणि मला म्हणाल्या, "सासरी मांजर घिऊन चाललीयास? लय धीराची हायस गं!"

धीर कुठला? सांगलीच्या घराच्या पायरीवर मी टोपली पदराआड लपवायला बघत होते. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या फार कमी बोलत. मी वैशाखात त्या घरात आले, तेव्हापासून आमचं बोलणं मीठ, दूध आणि पाणी तापलं का, एवढ्यावरच होतं. त्यांनी टोपलीकडे बघितलं.

"सुना माहेराहून लाडू आणतात," त्या म्हणाल्या.

"लाडूपण आणलेत," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. मामंजींनी मात्र पिल्लाला मानेला धरून उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि थप्पीवर सोडून दिलं. "बोका आहे. चालेल," म्हणाले.

बोका चाललाच. होळीपर्यंत पोती कुरतडणं जवळजवळ बंद झालं. मामंजी त्याला स्वतःच्या ताटातला दहीभात घालायला लागले. पण त्याच सुमारास त्याला नखांना धार लावायचा नाद लागला. घरात लाकडाचे खांब होते, पोत्यांचा ताग होता, परसात शेवग्याचं झाड होतं. त्यातलं काही त्याला पसंत पडलं नाही. त्याला पसंत पडलं ते कापड.

आता हे नीट कळायला हवं तर ते दिवस आठवायला हवेत. लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर गेलं होतं. रांगेत उभं राहून मिळेल ते, असेल त्या रंगाचं लुगडं घ्यायचं आणि ते जपून जपून नेसायचं. चांगल्या घरच्या बायकासुद्धा दंड घातलेली, विरलेला भाग काढून जोडून शिवलेली लुगडी नेसून हळदीकुंकवाला जात, कुणाला काही वाटत नसे. अशा दिवसांत आमच्या बोक्यानं वाळत घातलेल्या लुगड्याला लोंबकळून झोके घ्यावेत! आधी माझं लुगडं गेलं. ते मी गुपचूप शिवलं. मग गादीची खोळ गेली. मग सासूबाईंचं सणासुदीचं इरकली लुगडं गेलं, पदरापासून वीतभर उभं फाटलं.

सासूबाईंनी ते लुगडं दुकानात नेऊन मामंजींच्या पुढ्यात ठेवलं. "एक तर त्याची नखं जातील, नाहीतर तो जाईल."

"नखं काढल्यावर उंदीर काय हात जोडून धरणार तो?" मामंजी म्हणाले.

"ते मला माहीत नाही."

पंधरवडाभर घरात दोन पक्ष होते. मी कुठल्याही पक्षात नव्हते. मी फक्त धुणं वर बांबूवर, बोक्याच्या आवाक्याबाहेर वाळत घालत होते आणि दुपारी त्याला हळूच समजावत होते, की बाबा रे, मी तुला आणलंय, माझं तोंड काळं करू नकोस.

मग मिरजेला एक लग्न निघालं. मामंजी डोक्याला घालायचा जरीचा रुमाल बांधायला बसले. त्यांचा रुमाल बांधणं हा बघण्यासारखा प्रकार असे. ते खाली बसून एक गुडघा उभा करत आणि त्या गुडघ्यावर रुमाल बांधत, एकेक पीळ देत, सावकाश. रुमालाचं उरलेलं टोक जमिनीवर लांब पसरलेलं असे आणि प्रत्येक पिळाबरोबर ते वळवळत पुढे सरके. जरीचं टोक, उन्हात चमकणारं. बोका उंबऱ्यावर बसून बघत होता. त्याचं बूड हलायला लागलं तेव्हा मला कळलं काय होणार ते, पण सासऱ्यांना ओरडून सांगायची तेव्हा पद्धत नव्हती.

त्यानं झेप घेतली. टोक धरलं, टोकाबरोबर वर चढला, गुडघ्यावर पोचला आणि तिथे रुमाल सोडून मामंजींच्या मांडीत नखं रोवली. मामंजींचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला असेल. रुमालाला तीन ठिकाणी भोकं पडली. लग्नाला ते काळी टोपी घालून गेले.

जाता जाता म्हणाले, "उद्याच काढा त्याची नखं."

"उद्या शनिवार," सासूबाई म्हणाल्या.

"मांजराला कसला आलाय वार?"

"घर आपलंच आहे ना? शनिवारी नखं काढायची नाहीत."

म्हणून रविवारी. रविवारी न्हावी मामंजींची दाढी करायला यायचा. त्याच्या धोपटीत नखं काढायची नराणी असे. मामंजींनी त्याला काम सांगितलं. बोका थप्पीवर बसून पाय चाटत होता. न्हाव्यानं त्याच्याकडं बघितलं, त्यानं न्हाव्याकडं बघितलं.

"मालक, मानसाची नखं काडतो मी," न्हावी म्हणाला. "ह्यो तर वाघ हाय. माजं डोळं गेलं तर तुमची दाढी कोन करनार?" आणि धोपटी गुंडाळून तो निघालासुद्धा.

मग आमच्या यांनी बाह्या सरसावल्या. हे तेव्हा कॉलेज संपवून नुकतेच घरी आले होते आणि सगळ्या गोष्टींचं शास्त्र असतं असं त्यांचं मत होतं. मांजर हलता कामा नये, हे शास्त्र. त्यांनी रिकामं पोतं घेतलं, बोक्याला त्यात घातलं, पोत्याला एक भोक पाडून त्यातून फक्त एक पंजा बाहेर ओढला आणि पोतं गुडघ्याखाली दाबून धरलं. हत्यार म्हणून स्वतःची मिशा कातरायची छोटी कात्री घेतली. मला म्हणाले, "तू तोंड धर पोत्याचं."

मी धरलं. पोतं आतून चारी बाजूंनी फुगत होतं आणि त्यातून असे आवाज येत होते की दुकानातलं गिऱ्हाईक उठून गेलं. यांनी एक नख पकडून कात्री चालवली. त्याबरोबर पोत्यानं उडी मारली. पोत्याचं तोंड माझ्या हातून सुटलं, बोका यांच्या मनगटावरून, खांद्यावरून थेट थप्पीच्या टोकावर. यांच्या हातावर चार लांब रेघा. सासूबाईंनी हळद आणून दाबली. हळदीला काही आमच्याकडे तोटा नव्हता.

हळद दाबता दाबता त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. थप्पीकडे जाणारे रक्ताचे बारीक ठिपके होते.

"त्यालाही लागलं वाटतं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी थप्पीच्या पायथ्याशी दुधाची वाटी दिसली. मी ठेवली नव्हती.

बोका दुसऱ्या दिवशी खाली उतरला. यांच्या वाऱ्याला उभा राहत नसे, मला बघून लांबून वळसा घाली. मला फार वाईट वाटलं. तो विषय मात्र घरात पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची जेवणं होऊन गेली होती, पुरुष दुकानात होते. मी भांडी आवरून माजघरात आले आणि दारातच थबकले. सासूबाई वाती वळायला बसल्या होत्या. पुढ्यात कापूस तसाच पडला होता. बोका त्यांच्या मांडीला टेकून आडवा झोपला होता, आणि त्यांनी त्याचा पुढचा पंजा आपल्या बोटांत धरला होता. दुसऱ्या हातात ती मिशांची कात्री.

माझ्या बांगड्या वाजल्या तशी त्यांनी मान न वळवता म्हटलं, "श्श. लेकरांची नखं झोपेतच काढतात."

मी हळूच जाऊन बसले.

"पण दिसतच नाही गं नख," त्या कुजबुजल्या. "आत गेलंय कुठंतरी."

ते मात्र मला ठाऊक होतं. पिल्लू असताना तो माझ्या हातावर पंजे दाबत झोपायचा, तेव्हा किती वेळा मी त्याची बोटं दाबून बघितली होती. मी अंगठा वर आणि बोट खालच्या गादीवर ठेवून हलकेच दाबलं. नख बाहेर आलं, पातळ चंद्रकोरीसारखं, काचेसारखं आरपार.

सासूबाईंनी वाकून बघितलं. "आत गुलाबी दिसतंय ना, ती शीर. त्या दिवशी पोरानं तिथवर कापलं असणार, म्हणून रक्त आलं. आपण नुसतं टोक घ्यायचं."

टिक. बोक्यानं एक डोळा उघडला. सासूबाईंनी कात्री पदराखाली घेतली आणि निरागसपणे समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मला हसू आवरेना. त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं आणि मग त्यांचंच तोंड हसायला लागलं. दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. बोक्यानं डोळा मिटला.

त्या दिवशी एक पंजा झाला. दुसरा दुसऱ्या दुपारी. मागच्या पायांना आम्ही हात लावला नाही. कातरलेली टोकं सासूबाई कागदाच्या पुडीत घालून बाहेर टाकून येत, माणसाची नखं टाकतात तशीच. नखं पुन्हा वाढली की पुन्हा एखादी दुपार. शनिवार सोडून.

त्या दुपारी आम्ही बोलायला लागलो. आवाज हळू ठेवावा लागे, त्यामुळे जे मोठ्यानं बोलता येत नाही तेही निघायचं. त्यांनी मला सांगितलं की आमचे हे लहानपणी नखं काढू देत नसत. मामंजी त्यांना घोंगडीत गुंडाळून धरत आणि मग काढत. "म्हणून त्याला वाटलं, नखं अशीच काढतात," त्या म्हणाल्या. एकदा म्हणाल्या की त्यांची एक मुलगी वर्षाच्या आत गेली. तिची नखं इतकी मऊ होती की कात्री लावायचा धीर होत नसे, दातांनीच काढायच्या. एवढं सांगून त्यांनी बोक्याचं पुढचं बोट माझ्यापुढे केलं. मी दाबलं. त्यांनी टोक घेतलं.

बोक्याची नखं बोथट झालेली बघून मामंजींना उंदरांची काळजी लागली होती, ती एका सकाळी मिटली. त्यांच्या वहाणेत एक गलेलठ्ठ उंदीर आणून ठेवलेला होता आणि शेजारी बोका शेपूट पायाभोवती गुंडाळून बसला होता. "दातांनी धरतात ते," मामंजी गिऱ्हाइकाला सांगत होते, जणू पहिल्यापासून त्यांचं हेच म्हणणं होतं. यांना मात्र आपल्या कात्रीची धार कशानं गेली ते बरेच दिवस कळलं नाही.

पुढे यांना कराडच्या शाळेत नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड तिकडे हलायचं ठरलं. मी टोपली शोधून काढली, पुसून ठेवली. सासूबाईंनी ती बघितली.

"बोका इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पोती आहेत ना."

मी राहू दिला. कराडच्या घरी पहिले काही दिवस दुपारी हात मोकळे मोकळे वाटायचे.

दसऱ्याला सांगलीला गेले तेव्हा तो सोप्यात पसरला होता, चांगला जाड झाला होता. माझे पाय हुंगले, ओळख पटल्यासारखं केलं आणि उठून आत सासूबाईंच्या मागे गेला. त्याचे पंजे मी बघितले, नखं नीट गोल कातरलेली. म्हणजे त्यांना ते एकटीला जमत होतं. तरी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी माजघरातून हाक मारली, "अगं, येतेस का जरा? पंजा धर."