मेस्त्रींच्या तळव्यावरचा मध

हामयांग गावच्या त्या कारखान्यात सात पुरुष काम करायचे, आणि सातही जणांच्या अंगावरचे भाजल्याचे डाग पिल्सुनला तोंडपाठ होते. कुणाच्या मनगटावर कधी ठिणगी उडाली, कुणाच्या पावलावर कुठल्या हिवाळ्यात वाफ आली, विचारायचा अवकाश. त्यातल्या प्रत्येक डागावर पहिला मध तिच्याच बोटांनी लागला होता.

कारखाना जिंगचा. जिंग म्हणजे काशाची परातीएवढी थाळी, दोरीला टांगून काठीने वाजवायची. तिकडचे लोक मात्र जिंग वाजते असं म्हणत नाहीत, रडते म्हणतात. हे रडणं धातूत आपोआप येत नाही. थाळी घडून झाली की मेस्त्री तिच्या पाठीला डावा तळवा लावतात, उजव्या हाताने हलके हलके ठोकतात आणि तळव्याला जोवर पटत नाही तोवर थांबत नाहीत. ओक गिबोंग मेस्त्री हे काम तीस वर्षं करत होते. त्यांच्या तळव्याला पटलेली जिंग तीन डोंगरांपलीकडून ओळखू येते, असं लोक सांगत. त्यात थोडी बढाई असेलही, पण फार नाही.

पिल्सुन सत्ताविसाव्या वर्षी नवरा गेल्यावर इथे स्वयंपाकाला आली आणि आता पन्नाशीला टेकली होती. माहेर जिरी डोंगराच्या कुशीतलं माचन, म्हणून सगळ्यांची ती माचनवाली. तिच्या भावाची मधमाश्यांची पोळी तिथे कड्याखाली, कोरलेल्या ओंडक्यांत होती. मध वर्षातून एकदाच, पहिल्या हिमकणांनंतर काढायचा आणि निम्मा माश्यांना ठेवायचा. उरलेल्यातलं एक मडकं दरवर्षी बहिणीला यायचं. ते ती खायला कुणाला द्यायची नाही. मागणाऱ्याला म्हणायची, "आधी भाजून ये."

तर ही बाई तेवीस वर्षं भट्टीपासून दहा पावलांवर राहिली आणि आत एकदाही गेली नाही. भट्टी पेटलेली असताना बाईने उंबरा ओलांडला तर जिंग मुकी होते, असा त्या धंद्याचा नेम. कुणाचा घण कुठला हे तिला चुलीपाशी बसून कळायचं. पण आत काय चालतं, ते इतकं अंधारात का चालतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी किमची, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस आला. मीठ लावलेले दीडशे कोबी निथळत ठेवायचे आणि चटया पुरेनात. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर बाहेरून गवताची एक जुनी चटई टांगलेली होती. पिल्सुनने ती काढली, झटकली, धुतली आणि तिच्यावर कोबी मांडले. मागची खिडकी उघडी पडली हे तिने पाहिलंही, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

तापलेला धातू डोळ्यांनी ओळखायचा असतो. अंधारात मंद लाली दिसते, उन्हात तोच धातू काळा, गार वाटतो. त्या सकाळी ऐरणीवर नेमकं ऊन पडलं होतं. एक जिंग पोचा काढायला पुन्हा तापवून ठेवलेली. मेस्त्रींना ती काळी दिसली, म्हणजे पाण्यातून काढलेली असं त्यांनी धरलं आणि सवयीने तिच्या पाठीला डावा तळवा लावला.

ओरडले नाहीत. हात तसाच वर धरून ते अंगणात आले. तळव्याला तीस वर्षांचे घट्टे होते म्हणून निभावलं, तरी बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत फोड तरारले होते. त्यांची म्हातारी आई आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण मूठभर घेऊन धावत आली.

"आजी, ते आमटीत घाला!" पिल्सुन कडाडली. "हाताची आमटी करायचीय का?"

"अगं, माझ्या सासूने हेच लावलं होतं मला!"

"मग दाखवा तुमचा डाग."

आजींनी बाही खाली ओढली. पिल्सुनने मेस्त्रींना ओढ्यावर नेलं आणि वाहत्या पाण्यात हात धरून बसवलं. पाणी बर्फासारखं, ती मात्र सोडेना. सगळीकडे दुखतंय ना, बोटं हलतात ना, हे तिने विचारून घेतलं. खोल भाजून बधिर झालेला हात असता तर तिने मडकं उघडलंच नसतं, सरळ दवाखान्याची वाट दाखवली असती. एकही फोड फोडला नाही. उकळून वाळवलेल्या सुती कापडावर बोटभर जाड मध घेतला आणि तो तळव्यावर ठेवला.

तेवढ्यात चोन्सू, मेस्त्रींचा पहिला घणकरी, बाहेर आला. "मागच्या खिडकीची चटई कुठे गेली हो? वाऱ्याने उडाली वाटतं. ऊन आलं म्हणून तर हे झालं!"

 चटई पाच हातांवर कोबीखाली पडली होती. पिल्सुनने मान खाली घातली आणि पट्टीची गाठ आवळली.

"माचनकाकू, आता काय ते तुमच्यावर," चोन्सू हळूच म्हणाला. "उजवा असता तर घण मी मारला असता. पण हा हात ऐकणारा आहे. डाग आखडला, बधिर झाला, तर मेस्त्री लोहार उरतील आणि आम्ही हमाल."

रोज सकाळी ती हात सोडवायची, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची, नवा मध लावायची आणि बोटं एकेक करून उघडायला लावायची. मेस्त्री घामाघूम व्हायचे. "माश्या तरी एकदाच चावतात," म्हणायचे. ती हसायची आणि चुलीपाशी जाऊन रडायची.  त्या हातावर सात घरांच्या चुली होत्या, आणि तो तिने भाजला होता.

दहाव्या दिवशी जुनी कातडी घट्ट्यांसकट सुटून आली. खाली गुलाबी, ओलसर, तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी कातडी होती. दुर्गंधी नाही, पू नाही. पिल्सुनने असे कितीतरी हात बरे केले होते, पण या वेळी ती बघतच राहिली. ही कातडी आली कुठून? तिने तर नुसता मध लावला होता. आणि मध तरी तिचा कुठे होता? नखाएवढ्या जिवांनी चेस्टनटच्या आणि नाव माहीत नसलेल्या हजार रानफुलांवरून थेंब थेंब आणला, ओंडक्याच्या अंधारात पंखांनी वारा घालून आटवला, आणि त्यांना गिबोंग नावाचा कुणी माणूस असतो हेही ठाऊक नव्हतं. तिला भरून आलं. आपण कुठल्यातरी फार मोठ्या घराच्या ओसरीवर बसलोय आणि आतून कुणीतरी न बोलता वाढतंय, असं तिला वाटलं.

पंचविसाव्या दिवशी पट्टी कायमची सुटली. मेस्त्रींनी मूठ मिटली, उघडली. कातडी आखडली नव्हती. पण ते खूश दिसेनात. "ही ओळखीची नाही," ते तळव्याकडे बघत म्हणाले. "हिला काय कळणार?"

पिल्सुनला मग राहवलं नाही. "मेस्त्री, ती चटई मी काढली होती. कोबीसाठी. वाऱ्याने नव्हती उडाली."

दाराशी उभ्या चोन्सूने घण खाली ठेवला. मेस्त्रींनी तळव्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"ती कशासाठी होती, तुला माहीत होतं?"

"नाही."

"सांगितलं कुणी कधी?"

"नाही."

"तेवीस वर्षं तू आमचे हात नीट करतेस आणि आम्ही तुला दाराशीच उभं केलं," मेस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि तो राग तिच्यावरचा नव्हता. "आत ये."

"मेस्त्री, भट्टी पेटलीय!" चोन्सू दचकला.

"दिसतंय मला. मुकी झाली तर माझ्या हाताने होईल."

तिने उंबरा ओलांडला. आत अंधार होता आणि भट्टीच्या तोंडाशी जो रंग पेटला होता, तसा तिने जन्मात पाहिला नव्हता. मेस्त्रींनी थंड घडीव जिंग टांगली, पाठीला डावा तळवा लावला आणि हलकेच एक ठोका दिला. लगेच हात मागे ओढला. पिल्सुन पुढे सरकली.

"दुखलं?"

मेस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा तळवा लावला, पुन्हा ठोकलं. त्यांचे डोळे विस्फारले होते. "माझे घट्टे गेले," ते पुटपुटले. "तीस वर्षं मी जाड कातड्यातून ऐकत होतो. हे बघ... हे केवढं आहे! कोपरापर्यंत येतंय. आजवर कितीतरी जिंगा अर्ध्या ऐकून पाठवल्या मी." 

मग त्यांनी पिल्सुनचा हात धरला. मध लावून लावून मऊ राहिलेला तिचा तळवा त्यांनी थाळीच्या पाठीला टेकवला आणि ठोका दिला.

तो थरथराट तिच्या बोटांतून चढला, खांद्यापर्यंत आला, छातीत शिरला. तेवीस वर्षं तिने हे रडणं कानांनी ऐकलं होतं. ते असं असतं, ते माणसाच्या आत येऊन बसतं, हे तिला आज कळलं. 

"आवाज कुठे अडतोय?" मेस्त्रींनी विचारलं.

"मला काय कळतं, मेस्त्री!"

"तुला विचारलंय."

त्यांनी पुन्हा ठोका दिला. पिल्सुनने डोळे मिटले. "खाली," ती म्हणाली. "जरा उजवीकडे."

मेस्त्रींनी आपला तळवा तिच्या हाताशेजारी लावून पाहिला, मान डोलावली आणि तिने सांगितलेल्या जागीच हातोडीने ठोकायला सुरुवात केली.