बेल्टशस्सरमधला ट

माणसाची प्रकृती विचारण्याआधी त्याच्या नावाचा अर्थ विचारणारा माणूस साऱ्या अंबरनाथात एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहत होता. काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. दिवसा कारखान्यात नकाशे काढायचे आणि घरी आले की बायबलमधल्या दानीएलच्या ग्रंथातला अरामी भाषेतला भाग उघडून बसायचे. त्यातली परकी नावं हा त्यांचा ध्यास. “बेल्शस्सर म्हणजे ‘बेल देवा, राजाला सांभाळ’. आणि बाबेलचा, म्हणजे बॅबिलॉनचा, हा राजा एका रात्रीत मारला गेला! बाबेलवाल्यांनी कैद करून नेलेल्या दानीएलला नाव दिलं बेल्टशस्सर, म्हणजे ‘याचे प्राण राख’. तो सिंहांच्या गुहेतून जिवंत आला. मध्ये फक्त एक ट आहे, बघ,” असं ते गवार मोडता मोडता मला सांगत. उल्हासनगरच्या कॅम्पातून येणाऱ्या सिंधी पापडवाल्यालाही त्यांनी नावाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “साईं, नाम बाप ने रखा, मैं तो पापड बेचता हूँ.” काकांनी वहीत ‘अर्थ: बापास ठाऊक’ असं टिपून घेतलं.

माझ्या बहिणीच्या लग्नात मात्र हे अंगाशी आलं. तिच्या बदलापूरच्या सासऱ्यांनी पंगतीत जाहीर केलं, की वेणू आता सुलोचना. काका त्यांच्या शेजारीच जेवत होते. “सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. छान,” ते म्हणाले. “पण वेणूत काय खोट होती?”

“खोट कसली? रीत आहे.”

“बाबेलातही रीतच होती. राजा दानीएलला बेल्टशस्सर म्हणायचा. ग्रंथ लिहिणारा मात्र शेवटपर्यंत दानीएलच लिहितो.”

वाढपी जागच्या जागी थांबले. वेणूने मान खाली घातली. ती रडतेय हे मला समोरून दिसलं. लग्न पार पडलं, पण वडिलांनी काकांशी बोलणं टाकलं.

दिवाळीला मी तिला आणायला बदलापूरला गेलो. ओसरीवर चपला काढतोय तोच सासऱ्यांनी आत हाक दिली, “वेणू, अगं भाऊ आलाय तुझा!” माझ्याकडे बघून ते ओशाळले.

“सुलोचना म्हटलं की ही मागे वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून, “काल हिच्या सासूला माहेरच्या नावाने हाक मारून पाहिली. तीस वर्षांनी. ओ द्यायला वेळ लागला तिला.”

घरी येऊन मी हे सांगितलं. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी काका कायमचे इस्रायलला निघाले. त्यांची ट्रंक वडिलांनीच उचलून स्टेशनावर नेली. दोघांत बोलणं असं झालंच नाही. गाडी हलली तेव्हा मात्र वडील खिडकीच्या गजाला धरून तिच्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.